सगळेच टीव्ही पिवळे

आमच्या घरात टीव्ही विकत आणत नाहीत. ते आपले आपण येतात.

म्हणजे असं, की खाली आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि वर आमचं घर. दुकान आजोबांनी काढलं, आता बाबा चालवतो. एखादं गिऱ्हाईक टीव्ही दुरुस्तीला टाकतं, तेवढ्यात त्याला नवा घ्यायची हुक्की येते, आणि जुना न्यायला ते परत फिरकतच नाही. असा बेवारस टीव्ही दुकानात धूळ खात बसतो आणि शेवटी बाबाच्या खांद्यावरून जिना चढून आमच्या बैठकीच्या खोलीत येतो. त्यामुळे जगात जे काही नवीन निघतं ते आमच्यापर्यंत पोचतं जरूर, पण दहाएक वर्षं उशिरा आणि लंगडत.

आजोबांच्या पहिल्या टीव्हीला म्हणे कपाटासारखी लाकडी दारं होती. दारं उघडायची, मग आतला पडदा तापेपर्यंत वाट बघायची, मग काळी-पांढरी माणसं उगवायची. त्यानंतर रंगीत डबा आला. त्याची पाठ एवढी मोठी होती की तो भिंतीपासून हातभर पुढे येऊन बसायचा आणि सगळे त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जायचे. त्या डब्याच्या डोक्यावर आमचं मांजर झोपायचं, कारण तिथे ऊब असायची. पुढे सपाट टीव्ही आला त्या दिवशी मांजराने सवयीने उडी मारली आणि पलीकडच्या बाजूने थेट खाली. त्याला लागलं काही नाही, पण आठवडाभर ते टीव्हीकडे पाठ करून बसलं होतं. तंत्रज्ञान पुढे जातं तेव्हा कुणीतरी खाली पडतंच, असं बाबा अजून सांगतो. त्या सपाट टीव्हीनंतर एक प्लाझ्मा आला. तो इतका तापायचा की आई त्याच्यासमोर ओले मोजे वाळत घालायची.

आणि आता जो आहे तो एलसीडी. त्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ आहे. आम्ही तिला शेजारीण म्हणतो, कारण ती प्रत्येक कार्यक्रमात कडेला उभी राहून डोकावत असते.

मला हा टीव्ही बदलून हवा होता, हे मी आधीच सांगून टाकते. माझ्या मैत्रिणीकडे ओएलईडी आहे. तिच्याकडे मी पहिल्यांदा काळा रंग बघितला. काळा म्हणजे अगदी काळा. आमच्या टीव्हीत पॅनेलच्या मागे सगळा वेळ दिवे जळत असतात आणि पॅनेल बिचारं त्यांना झाकायची धडपड करतं, म्हणून आमच्याकडची रात्र कायम करडी, नीट न धुतलेल्या पातेल्यासारखी. त्या ओएलईडीत प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतःच एक दिवा. काळं दाखवायचं असलं की तो चक्क विझतो. मी घरी येऊन यावर एवढं बोलले की आई म्हणाली, "हिला शाळेत भाषण करायला कुणी शिकवलं, त्याला बोलवा आणि परत न्यायला सांगा."

ते खरंच होतं. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. मग एकदा वादविवादात कुणीच उभं राहीना म्हणून मला ढकललं, आणि मी बोलले, आणि लोक चक्क ऐकत होते. तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही. आजोबा मला 'मॅडम' म्हणायला लागले ते तेव्हापासूनच.

पण घरात नियम आजोबांचा. दुकानात गिऱ्हाईकं कायम विचारतात, "दुरुस्त करू की नवाच घेऊ?" आणि आजोबांचं उत्तर ठरलेलं. "तुम्हाला चित्र दिसतंय की टीव्ही दिसतोय?" माणूस गोंधळला की ते समजावतात, "बघताना गोष्टीत शिरता ना? मग ठेवा. गोष्ट सोडून पडद्याकडेच लक्ष जायला लागलं, तर बदला. त्याआधी बदललात तर ती नुसती मिरवायची हौस."

"पण मला शेजारीण दिसते," मी म्हणायचे.

"तुला दिसते, कारण तू तिलाच बघत बसतेस. मला वर्षानुवर्षं दिसलेली नाही."

वाद संपला.

आजोबांचं दुकानातलं काम एकच, पण सगळ्यात शेवटचं. दाराजवळ त्यांचं एक उंच स्टूल आहे. बाबा टीव्ही दुरुस्त करतो, मग तो आजोबांसमोर लावतात, आणि आजोबा रंग जुळवतात. पूर्वी ते खिशातून पांढरा रुमाल काढून पडद्याशेजारी धरायचे. पडद्यावरचा पांढरा रुमालाशी जुळला की बाकीचे रंग मुकाट्याने आपापल्या जागी जातात, असं त्यांचं म्हणणं. नंतर नंतर त्यांना रुमालही लागेना. नुसतं बघायचे, रिमोटची चारदोन बटणं दाबायचे आणि म्हणायचे, "पास." पास झाल्याशिवाय आमच्या दुकानातून टीव्ही बाहेर पडत नाही. लोक दुसरीकडे न जाता आमच्याकडे येतात ते या 'पास'साठी, हे बाबाही मान्य करतो.

तर एके दिवशी संध्याकाळी बातम्या चालू असताना आजोबा म्हणाले, "अरे, हा पिवळा मारायला लागलाय."

बाबाने मान वाकडी करून बघितलं. "हो का? मला नाही वाटत, नाना."

"तुला कसं वाटेल? दिवसभर सोल्डरचे डाग देऊन देऊन तुझे डोळे गेलेत."

बाबाने ते मनाला लावून घेतलं. नानांची नजर चुकत नाही, हे आमच्या घरात सूर्य उगवतो तितकं पक्कं. त्याने टीव्ही उघडला, बॅकलाइटच्या पट्ट्या बदलल्या, आणि आजोबांनी रिमोट घेऊन निळा थोडा वाढवला. महिन्याभराने परत पिवळा. परत निळा वाढला. असं होता होता बातम्यांची बाई फ्रीजमधून काढल्यासारखी दिसायला लागली. पोहण्याच्या स्पर्धेत पाणी कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळेना. केकवर चढवलेलं पांढरं क्रीम बघून आई म्हणाली, "हे खाल्लं तर जीभ काळीनिळी होईल."

पण आजोबा म्हणायचे, "आता कसं, स्वच्छ." आणि आम्ही तिघंही मनातल्या मनात म्हणायचो की आपलेच डोळे बिघडलेत. आईने तर चष्म्याचा नंबर तपासून घेतला. मी भर वर्गात हात वर करून बाईंना विचारलं की एखाद्या माणसाला जग गरजेपेक्षा जास्त निळं दिसू शकतं का. बाई म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवसांत दिसतं."

खाली दुकानातही तेच. एक शिंपीकाकू त्यांचा टीव्ही परत घेऊन आल्या. "भाऊ, माझा नवरा यात आजारी दिसतो."

"तुमचे मिस्टर टीव्हीत कसे?" बाबाने विचारलं.

"अहो, भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला होता. नवरी निळी, नवरा निळा, आमचे हे तर पार जांभळे."

"डोळ्यांना सवय होईल," बाबा म्हणाला. आजोबांनी पास केलेला टीव्ही चुकीचा आहे असं म्हणायला त्याची जीभच वळेना. काकूंनी टीव्ही उचलला आणि समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात नेला. आम्ही सगळ्यांनी बघितलं. आजोबांनीही. नंतर आणखी एक जण तसाच गेला, आणि त्या संध्याकाळी आजोबा स्टुलावरून उतरताना स्वतःशीच म्हणाले, "हल्ली काहीतरी बिनसतंय माझं."

मला ते आवडलं नाही. आजोबांचं ते स्टूल म्हणजे नुसतं बसायचं स्टूल नाही. तिथून ते रस्त्यावरच्या प्रत्येकाशी बोलतात, शाळेतून येताना मला तिथूनच "काय मॅडम, आज कुणाला हरवलं?" विचारतात. ते वर येऊन खिडकीत बसायला लागले असते तर दुकान दुकान राहिलं नसतं, आणि आजोबा तरी आजोबा कसे राहिले असते, देव जाणे.

बाबाने त्याच्या पद्धतीने विचार केला आणि त्याच्या पद्धतीनेच चुकला. त्याने ठरवलं की दोष आमच्या वरच्या टीव्हीचा. रोज संध्याकाळी त्या खराब पडद्याकडे बघून नानांच्या नजरेचं माप बिघडतं आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच मापाने दुकानातले टीव्ही जुळवतात. उपाय काय, तर घरी एक चांगला टीव्ही हवा.

"म्हणजे विकत?" आईने विचारलं.

"विकत," बाबा म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

मी त्या रात्री आनंदाने झोपले नाही असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मस्त झोपले.

शोरूममध्ये भिंतभर टीव्ही होते. सगळ्यांवर एकच पोपट उडत होता, एकाच वेळी, एकाच दिशेने. सेल्समन आमच्याकडे धावत आला आणि बोलायला लागला तो थांबेचना. एलईडी, त्याच्यावरचा एलईडी, त्याच्याही वरचा, पिक्सेल, ठिपके, दर सेकंदाला चित्रं किती. आई सोफ्यावर बसून पाय हलवत होती. मी मात्र कोपऱ्यातल्या ओएलईडीपुढे जाऊन उभी राहिले. पोपटामागचं आकाश रात्रीचं होतं आणि ती रात्र धुतलेली होती. मी मनातल्या मनात तो आमच्या भिंतीवर लावूनसुद्धा टाकला.

"काका, हा बघा," सेल्समन आजोबांना म्हणाला. "रंग बघा याचे."

आजोबांनी बघितलं. "पिवळा आहे."

"पिवळा?" सेल्समनचा चेहरा पडला. "बरं, मग हा बघा. हा वेगळ्या कंपनीचा."

"हाही."

तिसरा पिवळा. चौथा पिवळा. सेल्समनने मेनूत जाऊन सगळं उलटसुलट केलं, तरी पाचवा पिवळाच. बाबा प्रत्येक टीव्हीजवळ नाक नेऊन बघत होता. मग आजोबा आईशेजारी सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "चला घरी. एवढे नवेकोरे टीव्ही खोटे बोलणार नाहीत. मलाच रंग कळेनासे झालेत. उद्यापासून पास तूच करत जा रे."

आई म्हणाली, "असं काय बोलता, नाना."

आजोबांनी घाम पुसायला खिशातला रुमाल काढला, आणि तो बघून कुरकुरले, "आणि हा बघ. सूनबाई, काहीही म्हण, तुझा साबण पांढऱ्याची वाट लावतो."

"नाना, मी तीन वेळा साबण बदलला," आई म्हणाली. "तुमचे शर्ट मी आता वेगळे भिजवते. अजून काय करू?"

मी ओएलईडीपुढून वळून बघितलं. आजोबांच्या हातातला रुमाल माझ्यासमोर होता आणि तो पांढराशुभ्र होता.

इथे मला आजोबांची एक जुनी शिकवण सांगायला हवी. पूर्वी टीव्हीला छपरावर अँटेना असायचा. एका इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून एकच उभा केलेला. एकदा त्या इमारतीतले सगळे टीव्ही एकदम मुंग्या दाखवायला लागले. एक दुकानदार प्रत्येक घरात जाऊन टीव्ही उघडत बसला. आजोबा मात्र थेट छपरावर गेले. तिथे अँटेनावर कुणीतरी गादी वाळत घातली होती. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि तिचा शेवट आजोबा नेहमी माझ्याकडून वदवून घेतात: सगळ्या टीव्हींवर एकच दोष दिसला, तर टीव्ही उघडायचा नाही, वर जायचं.

मी पुन्हा एकदा ओएलईडीकडे बघितलं. पोपट माझ्याकडे बघून उडाला. मला चांगलं कळत होतं की तोंड उघडलं तर हा पोपट गेला. तरी उघडलं. हल्ली ते आवरतच नाही.

"काका, प्रिंटरचा कोरा कागद मिळेल का?" मी सेल्समनला विचारलं. "अगदी नवीन. पाकीट फोडून."

त्या बिचाऱ्याने कुठलाही प्रश्न न विचारता पाकीट फोडून कागद आणला. मी तो आजोबांच्या समोर धरला. "आजोबा, हा कसला आहे?"

"पिवळट," आजोबा म्हणाले. "स्वस्तातला दिसतोय."

"आता डावा डोळा झाका आणि बघा."

"मॅडम, काय चाललंय?"

"बघा तर."

त्यांनी डावा डोळा झाकला. मग उजवा. मग परत डावा. असं बराच वेळ चाललं. भिंतीवरचे पोपट उडत राहिले.

"उजव्याने जास्त पिवळा दिसतो," आजोबा हळूच म्हणाले.

"टीव्ही बदलले. जागा बदलली. कागद बदलला. आईने साबणसुद्धा बदलला," मी म्हणाले, आणि माझा आवाज वादविवादातल्या आवाजासारखा यायला लागला होता, पण थांबता येईना. "सगळ्यांवर एकच दोष. मग काय करायचं?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग त्यांच्या मिश्या हलायला लागल्या.

"वर जायचं," ते म्हणाले. "आणि गादी काढायची." आणि ते असे हसायला लागले की सोफा हलला आणि आई एका बाजूला कलंडली. बाबाने कपाळावर हात मारून घेतला. "मी घरातला टीव्ही चार वेळा उघडला," तो सेल्समनला सांगत होता. "चार वेळा, साहेब." सेल्समन म्हणाला, "म्हणजे टीव्ही घ्यायचा नाही?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं आणि सांगितलं की मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डोळ्यातली लेन्स हळूहळू पिवळी पडते, आणि ते इतकं सावकाश होतं की माणसाला वाटतं जगच पिवळं झालंय. निळा रंग तर आतपर्यंत पोचतच नाही.

"म्हणून मी तो वाढवत होतो," आजोबा म्हणाले.

"काय वाढवत होता?"

"निळा. सगळ्या गावाचा."

बाईंनी समजावलं की जुनी लेन्स काढायची आणि तिथे नवी बसवायची.

"म्हणजे पॅनेल बदलायचं," आजोबा बाबाला म्हणाले. "मला वाटलं काहीतरी अवघड असेल. गॅरंटी किती, बाई?"

"टीव्हीपेक्षा जास्त," बाई म्हणाल्या. आजोबांना त्या एकदम आवडल्या.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर बाबा त्यांना घरी घेऊन आला. जिन्यात ते प्रत्येक पायरीला थांबत होते, आणि दम लागला म्हणून नाही. "ही भिंत निळी आहे?" "हा शर्ट मी राखाडी म्हणून घेतला होता ना रे?" आईच्या हातातली दुधाची पिशवी बघून म्हणाले, "सूनबाई, साबणाचं जे बोललो ते सगळं मागे घेतो. लिहून हवं का?"

"नको. शर्ट स्वतः धुतलात तरी चालेल," आई म्हणाली.

मग ते टीव्हीसमोर बसले. बाबाने बातम्या लावल्या. बर्फातून आलेली ती बाई बोलायला लागली. आजोबा पुढे वाकले, मागे झाले, पुन्हा पुढे वाकले.

"हे कुणी केलं?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"ही बाई जिवंत आहे का? कुणी लावले हे रंग, बोला ना."

"नाना," बाबा म्हणाला, "तुम्हीच."

"आणि तुम्ही तिघं इतके महिने हे बघत बसलात?"

"तुम्ही पास केलं होतं," आई म्हणाली.

आजोबांनी रुमाल काढला, पडद्याशेजारी धरला आणि रिमोट घेतला. बाईच्या गालांवर हळूहळू रक्त आलं. मला इतकं बरं वाटलं की मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून आजोबा परत स्टुलावर बसले, पण रुमाल घेऊन. पहिलं काम त्यांनी हे केलं, की बाबाला शिंपीकाकूंकडे पाठवून टीव्ही परत आणवला, रुमालाशी जुळवला, आणि मग मला बोलावलं. "मॅडम, इकडे या. तुम्ही बघा." आता प्रत्येक टीव्ही आम्ही दोघं पास करतो. माझ्या 'पास'शिवाय त्यांचा 'पास' धरत नाहीत. हा नवा नियम त्यांनीच काढला, आणि काकूंचे मिस्टर आता व्हिडिओत गव्हाळ दिसतात असा निरोप आला आहे.

टीव्हीचं मी मनातून सोडून दिलं होतं. आता दोष त्याचा नव्हताच, तर काय बोलणार? पण दोन दिवसांनी आम्ही सगळे फुटबॉलचा सामना बघत होतो. गोल अगदी होण्याच्या बेतात होता आणि आजोबा म्हणाले, "ही रेघ कसली?"

"कुठली?" बाबाने विचारलं, जणू काही त्याला माहीतच नाही.

"ही, उजवीकडची, हिरवी."

"शेजारीण," मी म्हणाले.

"ही एवढी ठळक होती?"

"पहिल्या दिवसापासून."

तिकडे गोल झाला. आजोबांनी बघितलाच नाही. ते रेघेकडे बघत होते, मग करड्या काळ्याकडे, मग कोपऱ्यातल्या डागाकडे. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि फार मोठी गोष्ट कबूल करावी तसं म्हणाले, "मला टीव्ही दिसतोय."

पुढचं मला ओरडून सांगायचं होतं, पण बाबानेच आधी सांगितलं. "नाना, मग तुमचाच नियम."

"नियम माझाच. पण थांबा. अजून डावं पॅनेल जुनंच आहे. अर्धवट दुरुस्तीवर निर्णय घ्यायचा नसतो." आणि मला म्हणाले, "मॅडम, तोवर शेजारणीशी जुळवून घ्या."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत मी जुळवून घेतलं. तिला काय हवं-नको तेही विचारत होते मधूनमधून.

मग आम्ही परत शोरूममध्ये गेलो. तोच सेल्समन होता. आम्हाला दारात बघितल्याबरोबर त्याने ना नमस्कार केला, ना रिमोट उचलला. सरळ आत गेला आणि एक कोरा कागद घेऊन आला. आजोबांसमोर तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

आजोबांनी डावा डोळा झाकून बघितलं. मग उजवा झाकून बघितलं.

"पांढरा," ते म्हणाले. "पास. आता दाखवा बघू तो पोपट."